चिमणाबाईचं ताट

इमामबी नदाफला शाळेतल्या पोरांची नावं पाठ नव्हती. ताटांची होती.

आंबेमळ्याच्या हायस्कुलात पाचवी ते आठवीची एकशे बारा पोरं रोज दुपारी जेवायला बसायची. त्यांची खिचडी, मटकी-भात, आठवड्यातनं एकदा अंडं, सगळं इमामबीच्या हातचं. पेठ वडगावकडनं येणाऱ्या रस्त्याला लागूनच शाळा. पत्र्याच्या स्वयंपाकघरातनं फोडणीचा वास सुटला की फटफटीवरचा माणूससुद्धा मान वळवून बघायचा.

शाळेची जुनी ताटं पार पोचे पडून गेली, तेव्हापासून तिथं एक रिवाज पडला होता. पाचवीत येणाऱ्या पोरानं घरनं एक ताट आणायचं, ते स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ठेवायचं आणि आठवी झाली की परत न्यायचं. आता घरातलं रोजचं ताट कोण शाळेला देतंय? यायचं ते आहेरात मिळालेलं, नाव टाकलेलं, माळ्यावर पडून राहिलेलं. त्यामुळं मांडणी म्हणजे साऱ्या गावाचा आहेरच. अरबाजच्या ताटावर 'सौ. बायडाबाई यांजकडून सप्रेम भेट' असं होतं. मग त्याचं नावच बायडाबाई पडलं. मिसरूड फुटायला आलेला तो धटिंगण "ए बायडाबाई, रांगंत ये!" म्हटलं की मुकाट रांगेत यायचा. प्रसेनजीतचं ताट त्याच्या मामाला कुस्तीच्या मैदानात मिळालेलं. त्यावर 'उत्तेजनार्थ' एवढंच लिहिलेलं.

"उत्तेजनार्थ, भात घालू का आनी?" इमामबी ओरडायची, आणि आख्खी पंगत हसायची. प्रसेनजीतही हसायचा, कारण भात जादा पडायचा.

इमामबीचं माहेर निपाणीकडचं. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. पुढं दस्तगीर नदाफाशी लगीन होऊन ती आंबेमळ्यात आली. दस्तगीर गाद्या पिंजणारा. आयुष्यभर त्याच्या दाढीत कापूस आणि हिच्या केसांत. अक्षरं पार गंजून गेलेली. पण शाळेत स्वयंपाकाला लागली आणि चौदा वर्षं रोज शंभर ताटं घासता घासता एकेक अक्षर परत उजळत गेलं. 'बायडाबाई' आठ दिवसांत वाचून झालं. 'उत्तेजनार्थ'ला पंधरवडा लागला. एका ताटानं मात्र तिला पार रडवलं. त्यावर लिहिलं होतं, 'कालकथित चिमणाबाई यांच्या पुण्यानुमोदनानिमित्त.'

ते ताट शिवानीचं. चिमणाबाई ही तिची पणजी. ती गेली तेव्हा भाऊबंदांत वाटलेल्या ताटांतलं ते एक. शिवानी तेव्हा पाचवीत, दोन शेपट्या, गुडघ्याला कायम खरचटलेलं. इमामबी ताट डोळ्यांजवळ धरून 'पु... पुण्या...' करत बसलेली तिनं पायरीवरनं बघितली.

"मावशी, एकदम कशाला गिळतीस? तुकडं करून खा की," ती म्हणाली आणि ताटावर बोट ठेवून तिनं तुकडे पाडून दाखवले. पुण्य. अनुमोदन. निमित्त.

"अय्यव्वा! एवढंच व्हय?" इमामबी म्हणाली. त्या दिवशी शिवानीच्या ताटात दोन अंडी पडली. आणि तिथनं पुढं ती इमामबीची चिमणाबाई झाली.

पाचवी गेली, सहावी गेली, सातवी-आठवीही गेली. आठवीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी आपापली ताटं घरी नेली. शिवानीनं नेलं नाही. विसरली म्हणावं तर विसरली नव्हती. इमामबीनंही 'ने' म्हटलं नाही.

त्याचं असं की सरकारचं जेवण आठवीपर्यंतच. नववीला गेलं की पोरानं घरचा डबा आणायचा. शिवानीची आई सरुबाई सकाळी सातलाच उसातलं तण काढायला, भांगलणीला जायची, बाप भाऊसो कोंबड्यांच्या खाद्याचा टेम्पो घेऊन त्याच्याही आधी. मागं राहिलेली भाकरी धाकट्या भावाच्या डब्यात जायची. शिवानी दुपारच्या सुट्टीत नळावर जाऊन पोटभर पाणी प्यायची आणि पोट भरल्यागत तोंड पुसायची. हे इमामबीनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या मागच्या दारातनं हाक घातली.

"चिमणाबाई! ये हिकडं. मीठ बघ."

पोरांना वाढायच्या आधी कुणीतरी चव बघायची, हा शाळेतला नियमच. रोज एक मास्तर चमचाभर खाऊन वहीत सही करायचे. इमामबीनं आपली म्हणून दुसरी चव बघणारी नेमली. ती चमच्यानं नाही, ताटभर चव बघायची. आणि नुसती खायची नाही, निकालही द्यायची. "मावशी, मीठ कमी." "मावशी, आज मटकी कच्ची ऱ्हायल्या." मास्तरांनी चौदा वर्षांत एकदाही असं सांगितलं नव्हतं. जून, जुलै, ऑगस्ट असं चाललं. नववीत शिवानीचा एक दिवस चुकला नाही.

सप्टेंबरच्या शेवटी तालुक्याचे साहेब तपासणीला येणार म्हणून निरोप आला. हेडमास्तर बाळासो सर स्वयंपाकघरात येऊन मांडणीसमोर उभे राहिले.

"भाबी, यादी एकशे बाराची. ताटं किती?"

"एकशेबारा... आन् एक."

"ते एक माझ्या डोळ्यांनी मी बघितलंच न्हाय असं समजा. पण साहेबांच्या डोळ्याला दिसता कामा न्हाय. नववीच्या पोरीला वाढताय म्हटल्यावर तुमचंबी जाईल आन् माझंबी."

इमामबी भ्याली. तिनं चिमणाबाईचं ताट काथ्यानं खसाखसा घासलं, आरशागत लखलखीत केलं आणि शिवानीच्या गल्लीतच राहणाऱ्या अरबाजच्या हातात दिलं. शिवानी तेव्हा दोन दिवस शाळेला आली नव्हती. सरुबाईच्या बोटाला खुरपं लागलं होतं, घरातलं सगळं पोरीवरच होतं. 'साहेब येऊन गेला की परत आणायला लावू,' असं इमामबीनं मनातल्या मनात म्हटलं. मनातच.

साहेब आले, भात खाऊन बरं म्हणून गेले. पण शिवानी काही आली नाही.

दुपारच्या सुट्टीत इमामबी नळाकडं बघायची. नळावर पाचवीची पोरं एकमेकांवर पाणी उडवत असायची. एक आठवडा गेला, दुसरा लागला. शेवटी ती हातातला वाढायचा डाव तसाच घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. नववीच्या वर्गशिक्षिका संयोगिताबाई कळंब्याहून रोज गाडीवरनं येणाऱ्या, बोलायला शुद्ध, पण मनाच्या कोरड्या नाहीत.

"बाई, ती शिवानी?"

"बारा दिवस झाले, मावशी. वडिलांचा फोन बंद लागतोय. मी एकदा घरी जाऊन आले, दाराला कुलूप होतं. घटक चाचणीत बीजगणितात वीसपैकी तीन पडलेत तिला." बाईंनी चष्मा काढला. "सोमवारपासून सहामाही आहे. सहामाही चुकलेलं पोरगं परत वर्गात आलेलं मी अकरा वर्षांत बघितलेलं नाही. एका दिवसात कुणी शाळा सोडत नसतं. आधी दोन दिवस जातात, मग आठ, आणि मग यायची लाज वाटायला लागते."

इमामबीला शेवटचं वाक्य कुठंतरी लागलं. परत जाऊन तिनं पहिल्यांदा अरबाजला धरलं.

"बायडाबाई, त्या दिवशी ताट दिलंस तवा काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? मावशीनं धाडलंय म्हटलं."

"आन् मग?"

"सरुकाकीनं ताट उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. आन् म्हटली, रिकामंच?"

इमामबीच्या हातातला डाव टोपात पडला.

शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तर वाटी धुऊन परत देताना तीत काहीतरी घालून द्यायचं, चिमूटभर साखर का असेना, हे आमच्याकडं बायका पोरीला चालायला लागायच्या आधी शिकवतात. रिकामं भांडं परत धाडलं, म्हणजे तुमचं-आमचं येणंजाणं सरलं. इमामबीनं तीस वर्षांत कुणाची रिकामी वाटी परत केली नव्हती. ईदेला शिरकुर्म्याचे डबे जायचे, ते दिवाळीला करंज्या घालून परत यायचे, पुन्हा इकडनं काहीतरी जायचं. सरुबाईच्या आणि तिच्या घरात एकच डबा अकरा वर्षं असा फिरत होता, आता तो मूळचा कुणाचा हेही कुणाला आठवत नव्हतं. आणि त्या घरात तिनं रिकामं ताट धाडलं होतं. तेही शाळेतनं. तेही पोरगी गैरहजर असताना.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटल्या सुटल्या इमामबी उसाच्या वाटेला लागली. पदराखाली एक डबा घेतला होता, तोच तो फिरता.

ऊस मांडीएवढा झालेला. सात बायका ओळीनं बसून भांगलत होत्या. म्होरक्याला धोंडुबाई, तिचं तोंड खुरप्यापेक्षा धारेचं.

"आलीऽ बाई आली! शाळंतलं सरकार रानात आलं! भाबी, आमाला बी खिचडी मंजूर झाली काय?"

"तुला घातली तर पोरं उपाशी ऱ्हातील, धोंडे," इमामबी म्हणाली आणि बायका खिंकाळल्या.

सरुबाई हसली नाही. बोटाला चिंधी बांधून तिचं खुरपं चाललेलं. शेजारच्या ओळीत शिवानी. डोक्याला आईचा जुना स्कार्फ, अंगात बापाचा शर्ट. तिनं मान वर केली नाही. इमामबीनं धोंडुबाईजवळचं जादा खुरपं उचललं आणि शिवानीच्या पलीकडच्या ओळीत फतकल मारून बसली. अडचण एवढीच की कापूस पिंजणाऱ्याच्या घरात जन्म काढलेल्या इमामबीनं उभ्या आयुष्यात खुरपं हातात धरलं नव्हतं.

"सरुबाई, पोरीला शाळंला धाड की."

"कशाला?" सरुबाईचा आवाज सपाट. "तुमीच ताट परत दिलासा. तेबी रिकामं. ह्येंचं म्हणणं, आठवीपतोर झालं की. सरकारबी तितंच थांबतंय की पोरास्नी जेवाय घालायचं. सरकारनं ताट उचललं, मग आपुन कशापायी ताणायचं?"

हे बोलणं भाऊसोचं. इमामबीनं खुरपं मारलं. खच्च.

"अगाऽ ग!" धोंडुबाई ओरडली. "भाबी, तण ऱ्हायलं आन् ऊस गेला की! मालक आमची मजुरी कापंल. उठा, उठा तितनं!"

इमामबीच्या हातात उसाचा कोवळा कोंब आला होता. ती त्याच्याकडं अशी बघत राहिली की जणू त्यानंच गुन्हा केला. आणि शेजारच्या ओळीतनं फिस्सकन आवाज आला. शिवानी स्कार्फ तोंडात धरून हसत होती.

"हसतीस व्हय? हस. माझं काम मला येतंय, हे न्हाय येत. तुजंबी तसंच हाय."

शिवानीचं हसू थांबलं. ती मातीकडं बघत बोलली.

"मला बीजगणित येत न्हाय, मावशी. फळ्यापाशी उभं करत्यात. समदी बघत्यात."

"मग?"

"आन् आता तेरा दिस झालं. वर्गात गेल्या गेल्या इचारतील, कुठं हुतीस? काय सांगू? आईच्या बोटाचं चारच दिस हुतं. तेवढ्यात ताट आलं. मला वाटलं, नगं झालो मी." तिनं नाक शर्टाच्या बाहीला पुसलं. "आता सकाळी आईच्या आदी मीच खुरपं उचलतो."

इमामबी कोंब बाजूला ठेवून म्हणाली, "मी चौथीत हुतो. दिवाळीच्या आधी गाद्या भरायचं काम लई असायचं. अब्बांनी मला पंधरा दिस संगं नेलं, कापूस धरायला. परत शाळंला गेलो तर गुरुजी म्हटलं, काय इमामबी, लगीन करून आलीस व्हय? वर्ग हसला. गुरुजीबी चांगलंच हुतं, तेंनी मस्करी केलती. पर दुसऱ्या दिवशी मी फाटकापतोर गेलो आन् परत फिरलो. कुणी काढलं न्हाय मला. माझी मीच फिरलो. तवाधरनं फिरलेलीच हाय."

आजूबाजूची खुरपी हळू झाली होती.

"तुला काय सांगायचं त्ये मी सांगतो," इमामबी म्हणाली. "कुणी इचारलं कुठं हुतीस, तर म्हणायचं, इमामबीनं ताट रिकामं धाडलं म्हणून रुसलोतो. समदं माझ्यावर ढकल. चूक माझीच हाय. साहेबाला भ्यालो आन् तुला निरोप द्यायचा इसरलो. आन् बीजगणिताचं म्हणशील, तर तूच मला सांगितलंयस. एकदम कशाला गिळतीस? तुकडं करून खा."

"ते ताटावरचं नाव हुतं, मावशी. ह्ये गणित हाय."

"मला त्ये नावबी गणितच हुतं."

तिनं पदराखालचा डबा काढून सरुबाईसमोर बांधावर ठेवला. आत गव्हाची खीर, वरनं खोबरं. "हे त्या दिवशी ताटात घालून द्यायचं हुतं. लई दिस उशीर झाला. आन् माझं ताट मला परत पायजे. मांडणीवर एक जागा मोकळी पडल्या, सारखी नजर जात्या तिकडं."

"ताट आमचं हाय," सरुबाई म्हणाली.

"असंल. पर चौदा वर्षांत मला वाचाय आलेलं लई अवघड असं तेवढंच हाय."

सरुबाईनं डबा घेतला, पण हो म्हटलं नाही. इमामबी उठली. जाताना धोंडुबाईनं मागनं सुनावलं, "भाबी, खुरपं ठिवून जावा तेवढं! आनी कुणाचा ऊस मारशीला!"

शाळेत जाऊन इमामबीनं एक काम आणखी केलं. संयोगिताबाई सोमवारच्या पेपरांचे गठ्ठे लावायला मागं थांबल्या होत्या. त्यांना ती म्हणाली, "बाई, पोरगी आली तर कुठं हुतीस म्हणून इचारू नगासा. मस्करीतबी नगं. नुसता पेपर हातात द्या."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. "आणि फळ्यापाशी उभंही करायचं नाही, असंच ना?"

"त्येबी तुमाला कळलंच की."

बाई गठ्ठा बांधत म्हणाल्या, "पेपर सुटल्यावर बीजगणितासाठी अर्धा तास मी थांबते इथं. तिला एकटीलाच नको, पाचसहा जणांना बसवते. एकटीला बसवलं तर पुन्हा तेच."

सोमवारी इमामबीचं लक्ष टोपात कमी आणि फाटकाकडं जास्त. अकराला मराठीचा पेपर. पावणेअकराला फाटकातनं नववीची पोरं गेली. अरबाज गेला, प्रसेनजीत गेला, त्यांचाही आठवीचा पहिलाच पेपर. शिवानी दिसली नाही. अकराची घंटा झाली. इमामबीनं फोडणी दिली आणि मोहरी करपवली. दुसऱ्यांदा दिली. बाळासो सर दारावरनं जाताना थबकले, नाक वर केलं आणि पुढं गेले.

पेपर सुटल्यावर पंगत बसली. इमामबीनं वाढायला घेतलं. "बायडाबाई, सरळ बस. उत्तेजनार्थ, आज दुसऱ्यांदा मागायचं न्हाय." आवाज नेहमीचाच, पण पोरांना कळलं की मावशीचं चित्त थाऱ्यावर नाही, कारण मागायच्या आधीच उत्तेजनार्थाच्या ताटात तिनं दुसऱ्यांदा भात घातला होता.

मागच्या दाराचं कडं वाजलं.

दारात शिवानी. वेण्या घट्ट बांधलेल्या, कपाळाला घाम. बोटाला शाईचा डाग. दोन्ही हातांत चिमणाबाईचं ताट, वर फडकं झाकलेलं.

"कवा आलीस? मला दिसली न्हाईस ती."

"पलीकडच्या कुंपणातनं आलो. फाटकातनं यायला नगं वाटलं." तिनं ताट ओट्यावर ठेवलं. "आईनं सांगितलंय, रिकामं द्यायचं न्हाय."

इमामबीनं फडकं काढलं. ताटात ओल्या शेंगा भाजलेल्या, आता गार झालेल्या. त्याखाली अक्षरं झाकलेली. तिनं शेंगा बोटानं बाजूला सारल्या, 'पुण्यानुमोदन' तेवढं बघितलं आणि मग एक शेंग फोडून तोंडात टाकली.

"बाईंनी इचारलं काय?"

"न्हाय. पेपर दिला आन् म्हटल्या, शेवटच्या बाकावर उजेड कमी हाय, तिसऱ्या बाकावर बस. संयोगितानंच इचारलं."

"बाई म्हण. वर्गशिक्षिका हाय तुजी."

"दुसरी संयोगिता, माझ्या वर्गातली. तिला सांगितलं, मावशीवर रुसलोतो. ती म्हटली, एवढ्यावरनं तेरा दिस?"

"मग?"

"मग म्हटलं, तुला ताट न्हाय, तुला काय कळणार."

इमामबी खो खो हसली. हसता हसता तिनं शेंगा एका वाटीत काढल्या, ताट धुतलं आणि मोठा डाव भरून भात घातला.

"पेपर कसा गेला?"

"मराठीचा हुता. बरा गेला." शिवानी पायरीवर बसली, पाचवीत बसायची त्याच पायरीवर. "परवा बीजगणित हाय."

"मग परवाचं परवा बघू. आदी मीठ बघ."

शिवानीनं एक घास घेतला, चावला, दुसरा घेतला. इमामबी डाव हातात धरून निकालाची वाट बघत उभी राहिली.

"मावशी, मीठ दोनदा घातलंयस," पोरगी म्हणाली. "आन् करपलाय बी."

"गिळ गप," इमामबी म्हणाली, आणि पंगतीकडं वळली.